ट्रॅक्टरचा पासंग

मित्रांनो, पुण्याच्या मंडईत सकाळी सातच्या सुमारास कधी गेला आहात काय? मधोमध उंच अष्टकोनी मनोरा, त्याच्या भोवती पसरलेले गाळे, ओट्यांवर रचलेले वांगी-टोमॅटोचे ढीग आणि "घ्या ताई, ताजा वाटाणा!" अशा आरोळ्या. १८८६ साली ही मंडई सुरू झाली, तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला 'रे मार्केट' म्हणत. आज ती महात्मा फुले मंडई आहे. पण आपण आज तिथे जाणार आहोत ते इतिहास शिकण्यासाठी नव्हे, तर पदार्थविज्ञानातला एक धडा गिरवण्यासाठी. तो धडा भाजीवाल्याच्या तराजूत दडलेला आहे.

आता बऱ्याच गाळ्यांवर विजेवर चालणारे काटे आले आहेत. तरीही दांडीचा, दोन पारड्यांचा जुना तराजू तुम्ही कुठे ना कुठे पाहिलाच असेल. भाजीवाला तराजू उचलतो, तेव्हा दोन्ही पारडी रिकामी असताना दांडी आडवी राहायला हवी. पण वापरून वापरून एक पारडे झिजते किंवा एखादी साखळी बदललेली असते. मग एक पारडे किंचित वर राहते. अशा वेळी त्या हलक्या बाजूला एखादा खडा किंवा तारेचा तुकडा बांधून दांडी सरळ करतात. या जोडवजनाला मराठीत फार नेटका शब्द आहे: पासंग. एखादी गोष्ट दुसरीपुढे अगदीच क्षुल्लक असेल, तर 'ती हिच्या पासंगालाही पुरणार नाही' असे आपण म्हणतो, तो हाच पासंग.

पासंग विकला जात नाही, विकतही घेतला जात नाही. त्याचे काम एकच, तोल सांभाळणे. पण हे काम किती महत्त्वाचे आहे आणि पासंग चुकीच्या जागी बांधला तर काय होते, हे आपल्याला तराजूपेक्षा पुष्कळ मोठ्या यंत्रावर पाहायचे आहे. ते यंत्र म्हणजे पुढे लोडर बसवलेला छोटा ट्रॅक्टर.

वजन किती आणि किती लांब?

प्रथम तराजूचा नियम पक्का करू. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूज नगरीत राहणाऱ्या आर्किमिडीजने तो सिद्ध करून दाखवला. तरफेच्या टेकूपासून वजन जितके लांब, तितका त्याचा फिरवण्याचा जोर अधिक. हा जोर मोजायचा तर वजनाला टेकूपासूनच्या अंतराने गुणायचे. या गुणाकाराला परिबल म्हणतात. दोन्ही बाजूंची परिबले सारखी झाली की तरफ समतोल.

तराजूच्या दोन्ही भुजा सारख्या असतात, म्हणून तिथे वजने सारखी झाली की पुरते. भुजा सारख्या नसतील, तर एक किलोचे माप दोन किलोंना भारी पडू शकते. बागेतल्या सी-सॉवर लहान भाऊ टोकाशी आणि मोठा भाऊ मध्याजवळ बसला की खेळ रंगतो, तो याच नियमामुळे.

मंडईतल्या हातगाडीवाल्याला हे गणित शाळेत न जाताही ठाऊक असते. दोन चाकांच्या गाडीवर पोती रचताना तो पहिले पोते चाकांच्या आसावर टाकतो, मग एक पुढे, एक मागे. मागे जास्त झाले, तर दांड्या वर उचलल्या जातात आणि माणूस त्यांना लोंबकळू लागतो. बैलगाडीचेही तसेच. मागे भार जास्त झाला की गाडी 'उलाळ' होते, जू बैलांच्या मानेवरून वर उठते. शहाणा गाडीवान मग एखादे पोते मागून काढून पुढे सरकवतो. वजन तेवढेच, पण जागा बदलली आणि तोल आला. हातगाडीचा आणि बैलगाडीचा टेकू म्हणजे चाकांचा आस, एवढे लक्षात ठेवा. पुढे तेच कामी येणार आहे.

पुरंदरच्या मळ्यावर

मंडईत हिवाळ्यात येणारा पुष्कळसा वाटाणा पुरंदर तालुक्यातला असतो. पुण्याहून दिवे घाट चढून गेले की सासवड लागते. त्या बाजूच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या मळ्यावर मी मागे एकदा गेलो होतो. पेरणीपूर्वी शेणखत पसरायचे काम चालू होते. पूर्वी हे काम फावड्या-पाट्यांनी होई. आता त्यांच्याकडे छोटा ट्रॅक्टर होता आणि त्याच्या तोंडाशी लोखंडी बाहूंवर बसवलेले लोडरचे बकेट. तेल-दाबाच्या जोरावर बाहू वर-खाली होतात, बकेट ढिगात शिरते, खत उचलते आणि ट्रॉलीत ओतते. चार माणसांचे काम एकटा चालक करतो.

आदल्या रात्री पाऊस पडला होता. खत भिजून जड झाले होते. शेतकऱ्याच्या मुलाने नेहमीप्रमाणे बकेट काठोकाठ भरले, बाहू वर घेतले आणि काय आश्चर्य! ट्रॅक्टरची मागची चाके जमिनीपासून वीतभर वर उचलली गेली. मुलाने घाईने बकेट खाली घेतले. मग त्याने आपल्या चुलत्यांना हाक मारली, "तात्या, मागं उभे राहा जरा!" तात्या हसत हसत मागच्या जोडणीच्या दांड्यावर चढून उभे राहिले. मागची चाके जमिनीवर टेकलेली राहिली आणि काम पुढे सुरू झाले.

सगळे हसले, पण माझ्या छातीत धस्स झाले. तात्यांनी काय केले? ते स्वतःच पासंग झाले! मागच्या दोन मोठ्या चाकांमध्ये, चिखलाने निसरड्या झालेल्या दांड्यावर उभा असलेला जिवंत पासंग. पाय सटकला असता, तर? बकेट एकदम रिकामे होऊन ट्रॅक्टर मागे आपटला असता, तर?

मी त्यांना खाली उतरायला सांगितले आणि बांधावर बसून कागदावर एक तराजू काढून दाखवला. तोच तुम्हालाही दाखवतो.

ट्रॅक्टरचा टेकू कोठे आहे?

ट्रॅक्टरला चार चाके असतात. पण पुढच्या बाजूला भार उचलला की सगळा ट्रॅक्टर पुढच्या चाकांच्या आसाभोवती फिरू पाहतो. म्हणजे पुढचा आस हा टेकू झाला. त्याच्या पुढे बकेट आणि भार, हे एक पारडे. त्याच्या मागे इंजिन, गिअरपेटी, मागची मोठी चाके आणि चालक, हे दुसरे पारडे.

आता आकडे घेऊ. खऱ्या ट्रॅक्टरांचे आकडे निरनिराळे असतात. आपण हिशेबाला सोपे जातील असे धरू.

समजा, चालकासह ट्रॅक्टरचे वजन ९०० किलो आहे. पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर १.५ मीटर. लोडर नसताना पुढच्या चाकांवर ३६० किलो आणि मागच्या चाकांवर ५४० किलो भार येतो. यावरून ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य पुढच्या आसाच्या ०.९ मीटर मागे आहे, हे तुम्ही स्वतः काढून पाहा.

लोडरचे वजन २०० किलो. त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या आसाच्या ०.६ मीटर पुढे. बकेटमधला भार ३०० किलो आणि तो आसाच्या १.२ मीटर पुढे.

मागच्या पारड्याचे परिबल: ९०० × ०.९ = ८१०.
पुढच्या पारड्याचे परिबल: २०० × ०.६ = १२० आणि ३०० × १.२ = ३६०, मिळून ४८०.

मागचे पारडे जड आहे, म्हणून ट्रॅक्टर उलटत नाही. पण शिल्लक उरली ८१० − ४८० = ३३०. मागची चाके टेकूपासून १.५ मीटरवर आहेत. म्हणून त्यांच्यावर उरलेला भार ३३० ÷ १.५ = २२० किलो. एकूण वजन १४०० किलो. त्यातून २२० वजा केले की पुढच्या चाकांवर ११८० किलो!

हे दोन आकडे नीट पाहा. मागच्या चाकांवरचा भार ५४० वरून २२० वर आला. पुढच्या चाकांवरचा ३६० वरून ११८० वर गेला, म्हणजे तिपटीहून अधिक. बकेटमध्ये ठेवले ३०० किलो, पण पुढचा आस सोसतो आहे ८२० किलो जादा. उरलेले वजन कोठून आले? लोडरचे २०० किलो तर आलेच, शिवाय ट्रॅक्टरच्या मागच्या भागातून ३२० किलो उचलून पुढे आणले गेले. तरफेची ही करामत!

बकेटमध्ये ५७५ किलो भरले, तर शिल्लक शून्य होते आणि मागची चाके हवेत जातात. (८१० मधून १२० वजा करून १.२ ने भागा.) तेवढे बकेटमध्ये मावेल काय? भार बकेटच्या आकारावर नव्हे, त्यात काय भरले यावर ठरतो. तेच बकेट वाळलेल्या खताने भरले तर हलके, ओल्या खताने भरले तर जड आणि वाळूने भरले तर त्याहूनही जड. कोरडी वाळू घनमीटरला सुमारे १६०० किलो भरते. रोजचा सराव असलेला चालक फसतो तो इथेच. बकेट तेच, हात तेच, पण रात्री पाऊस झालेला असतो.

शिल्लक आहे, मग भीती कसली?

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "३०० किलोला ट्रॅक्टर उलटत नाही ना? मग झाले तर!" पण तराजू एका जागी टांगलेला असतो, ट्रॅक्टर चालतो, थांबतो, वळतो आणि खड्ड्यात जातो. म्हणून आणखी चार गोष्टी पाहू.

पहिली गोष्ट ब्रेकची. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. चाक जमिनीला जेवढे दाबले जाते, तेवढेच घर्षण मिळते. मागच्या चाकांवर १४०० पैकी जेमतेम २२० किलो उरले असतील, तर ब्रेक कितीही जोरात दाबला तरी चाके नुसती घसरतील. उतारावर भार तोंडाशी घेऊन निघालेला ट्रॅक्टर मग थांबणार कसा?

दुसरी गोष्ट बाहूंची. लोडरचे बाहू मागच्या बाजूला खिळीवर फिरतात. वर जाताना बकेट सरळ रेषेत न जाता कमानीत जाते आणि बाहू आडवे होतात तेव्हा ते सर्वांत पुढे पोचते. १.२ मीटरचे अंतर १.४ मीटर झाले, की त्याच ३०० किलोंचे परिबल ३६० वरून ४२० होते. जमिनीवर ठीक वाटलेला भार अर्ध्या उंचीवर जाताच दगा देतो, त्याचे एक कारण हे.

तिसरी गोष्ट हिसक्याची. तराजूत बटाटा अलगद ठेवा आणि मग तोच वितीवरून टाका. दुसऱ्या वेळी पारडे किती खाली जाते पाहा. खाली येणारे भरलेले बकेट एकदम थांबवले, किंवा पुढचे चाक खड्ड्यात आदळले, की भार क्षणभर कितीतरी पट जड झाल्यासारखा वागतो. ३३० ची शिल्लक अशा वेळी क्षणात संपू शकते.

चौथी गोष्ट सर्वांत कपटी आहे. ट्रॅक्टरला चार चाके असली, तरी तो उभा असतो तीन पायांवर! पुढचा आस दोन्ही टोकांना पक्का बांधलेला नसून मधोमध एका खिळीवर झुलता असतो. त्यामुळे एक चाक खड्ड्यात आणि एक उंचवट्यावर गेले तरी चारही चाके जमिनीला धरून राहतात. पण त्याचा अर्थ असा की, आस झुलून अडकण्याच्या मर्यादेपर्यंत जाईतो ट्रॅक्टरला पुढे एकच आधार आहे, तो म्हणजे ती खिळी. मागे दोन चाके, पुढे एक खिळी. या तीन बिंदूंनी जमिनीवर एक त्रिकोण होतो. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा या त्रिकोणाच्या आत पडला तर ट्रॅक्टर उभा. बाहेर पडला तर आडवा.

त्रिकोण मागे रुंद आणि पुढे निमुळता आहे. मागच्या चाकांमधले अंतर एक मीटर धरा. लोडर नसताना गुरुत्वमध्य पुढून ०.९ मीटरवर आहे. तिथे त्रिकोणाची रुंदी ६० सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला ३० सेंटिमीटर मोकळीक. भार उचलल्यावर सबंध ओझ्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकत सरकत आसापासून अवघ्या २४ सेंटिमीटरवर येतो (३३० ला १४०० ने भागा). तिथे त्रिकोण इतका अरुंद आहे की बाजूला मोकळीक उरते ती फक्त ८ सेंटिमीटर! त्यातून बकेट उंच धरलेले असेल, तर ओझे जितके उंच, तितका थोड्या कलण्यानेही ओळंबा बाहेर जातो. म्हणून लोडरचा ट्रॅक्टर नाकावर जितका पडतो, त्याहून कुशीवर पडण्याची भीती अधिक.

पासंग कोठे बांधावा?

आता उपाय. मागचे पारडे जड करायचे, हे उघड आहे. पण कोठे? इथे पुष्कळ जाणती माणसेही चुकतात.

आपल्याकडे शेतकऱ्यांच्या ओळखीचा उपाय म्हणजे मागच्या टायरमध्ये पाणी भरणे. चिखलणीच्या वेळी चाके नुसती फिरू नयेत म्हणून हे करतात. टायरचा झडपेचा तोंडाकडचा भाग वर ठेवून साधारण तीन चतुर्थांश पाणी भरतात आणि वरची जागा हवेला ठेवतात, म्हणजे टायरची लवचीकता टिकते. दुसरा उपाय म्हणजे चाकाच्या तबकडीवर बिडाची गोल वजने बसवणे. तिसरा उपाय म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे नांगर जोडायच्या जागी वजनाची पेटी टांगणे. ही तीन सांध्यांची जोडणी आयरिश तंत्रज्ञ हॅरी फर्ग्युसन याने विकसित केली. १९३९ साली निघालेल्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे ती जगभर गाजली आणि आज छोट्या-मोठ्या जवळजवळ सगळ्या शेतकी ट्रॅक्टरांवर असते.

तिन्ही उपायांनी वजन वाढते. मग फरक काय? हिशेब करू.

समजा, चाकांमध्ये किंवा चाकांवर मिळून २०० किलो वाढवले. हे वजन थेट मागच्या आसावर, म्हणजे टेकूपासून १.५ मीटरवर आहे. परिबल ३०० ने वाढले. मागच्या चाकांवर २२० च्या जागी ४२० किलो आले. छान! पण पुढच्या आसावर? तिथे अजूनही तेच ११८० किलो. एक ग्रॅमही कमी झाला नाही.

आता तेच २०० किलो पेटीत घालून मागच्या आसाच्याही ०.८ मीटर मागे टांगू. टेकूपासूनचे अंतर १.५ + ०.८ = २.३ मीटर. परिबल २०० × २.३ = ४६०. शिल्लक ३३० + ४६० = ७९०. मागच्या चाकांवर ७९० ÷ १.५ = सुमारे ५२७ किलो. एकूण वजन आता १६०० किलो. म्हणून पुढच्या आसावर १०७३ किलो. म्हणजे २०० किलोंच्या पेटीने मागच्या चाकांना ३०७ किलो दिले आणि पुढच्या आसाचे १०७ किलो कमी केले!

असे का झाले? मागच्या आसाच्या पलीकडे टांगलेले वजन मागच्या चाकांना टेकू करून पुढचे टोक वर उचलू पाहते. चाकातले पाणी हे करू शकत नाही, कारण ते टेकूच्याच माथ्यावर बसलेले आहे. टेकूवर ठेवलेले वजन दांडी कशी हलवणार? मंडईतल्या तराजूची दांडी जिथे धरतात, तिथेच पासंग बांधला तर पारडे हलेल काय?

म्हणून ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही: चाकांतले वजन मागच्या चाकांची पकड वाढवते आणि ट्रॅक्टर उलटू देत नाही, पण पुढच्या आसाची, त्याच्या खिळीची आणि बेअरिंगांची पाठ हलकी करायची असेल, तर पासंग मागच्या आसाच्या मागेच हवा. वजन किती एवढ्याने भागत नाही. ते कोठे, हेही तितकेच महत्त्वाचे.

आपल्या त्रिकोणाचे काय झाले, तेही पाहा. ७९० ला १६०० ने भागले की गुरुत्वमध्य पुढून ४९ सेंटिमीटरवर येतो. बाजूची मोकळीक ८ वरून १६ सेंटिमीटरवर गेली. तीही दुप्पट. शिवाय पेटी खालच्या बाजूला टांगलेली, म्हणून सबंध यंत्राचा गुरुत्वमध्यही थोडा खाली आला.

बकेट रिकामे असताना काय होते? मागे १३०० पैकी ७६७ किलो, पुढे ५३३. म्हणजे वळवण्यापुरता भार पुढे शिल्लक आहेच. पण पेटी वाटेल तेवढी जड केली, तर रिकाम्या फेरीत पुढची चाके हलकी होऊन ट्रॅक्टर वळेनासा होईल, मागचे टायर आणि आस शिणतील आणि शेताची माती दाबून घट्ट होईल. म्हणून पासंग किती असावा, हे ट्रॅक्टर आणि लोडर यांच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. तो आकडा पाहूनच पेटी करायची.

पेटी केवढी?

२०० किलोंच्या पासंगाला केवढी पेटी लागेल? इथे घनता कामी येते. एक लिटर पाणी एक किलो, एक लिटर कोरडी वाळू सुमारे १.६ किलो, एक लिटर काँक्रीट सुमारे २.४ किलो, एक लिटर लोखंड सुमारे ७.८ किलो. म्हणून २०० किलोंसाठी पाणी २०० लिटर, वाळू १२५ लिटर, काँक्रीट ८३ लिटर आणि लोखंड सुमारे २६ लिटर.

तेलाचे जुने पिंप २०० लिटरचे असते. कोणी हौसेने ते काठोकाठ काँक्रीटने भरले तर काय होईल? ४८० किलो! छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या उचलणीला ते झेपेलच असे नाही. तेव्हा आधी गुणाकार, मग काँक्रीट.

पासंगाची बाजू कामावर ठरते

तुम्ही कोल्हापूर-सांगलीकडे किंवा बारामतीकडे उसाच्या हंगामात गेलात, तर एक उलटे दृश्य दिसेल. मागे भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढावर पुढची चाके उचलू लागतो. इथे टेकू मागचा आस होतो आणि हलके पडते ते नाक. म्हणून ओढण्याच्या कामासाठी ट्रॅक्टरच्या नाकावर बिडाची वजने लावतात. तीच वजने लोडरच्या कामाला तशीच ठेवली, तर? ती पुढच्याच पारड्यात पडतील आणि संकट वाढवतील! काम बदलले की पासंगाची बाजूही बदलायला हवी.

करून पहा

एक मीटरभर लांबीची फळी घ्या. तिचे एक टोक डाव्या तळहातावर धरा आणि दुसऱ्या टोकापासून वीतभर आत, खाली एक वीट ठेवा. वीट म्हणजे मागचे चाक, तळहात म्हणजे पुढचे चाक. आता मित्राला एक किलोचे माप फळीवर अगदी विटेच्या डोक्यावर ठेवायला सांगा. तळहाताला काही फरक जाणवतो काय? नाही. मग तेच माप विटेच्या मागे, फळीच्या टोकाकडे हळूहळू सरकवा. तळहातावरचा भार हलका होत गेलेला तुम्हाला स्पष्ट जाणवेल. माप जास्त मागे गेले तर फळी उलटेल, म्हणून पाय बाजूला ठेवा.

घरात फळी नसेल तर तीस सेंटिमीटरची पट्टी दोन षट्कोनी पेन्सिलींवर ठेवा, एक १२ च्या खुणेखाली, एक २४ च्या. पट्टीवर २० च्या खुणेवर सहा सारखी नाणी रचा. हा तुमचा ट्रॅक्टर. मग २ च्या खुणेवर एकेक नाणे ठेवत जा आणि पट्टी कलते तेव्हा किती नाणी झाली ते लिहा. पुन्हा सुरुवात करा. पण आता दोन नाणी २४ वर ठेवून मोजा. तिसऱ्यांदा तीच दोन नाणी २९ वर ठेवून मोजा. तिन्ही आकडे परिबलाच्या हिशेबाशी जुळतात काय? थोडा फरक पडला तर पट्टीचे स्वतःचे वजनही हिशेबात धरा. ते १५ च्या खुणेवर आहे असे समजा.

शेवटचा हिशेब

त्या मळ्यावर आम्ही तात्यांचाही हिशेब केला. तात्या ६० किलोंचे, मागच्या आसाच्या ०.४ मीटर मागे उभे. म्हणजे टेकूपासून १.९ मीटर. ६० × १.९ = ११४; त्याला १.५ ने भागले की मागच्या चाकांवर ७६ किलो वाढले. "बघा, उपयोग झालाच की!" तात्या म्हणाले. मी म्हटले, "तात्या, उपयोग तर झालाच. पण लोखंडाची पेटी घसरली तर आपण ती उचलून पुन्हा जागेवर ठेवतो. तुम्हाला कुठून आणायचे?"

तात्या यावर काही बोलले नाहीत. पण पुढच्या वेळी गेलो तेव्हा ट्रॅक्टरच्या मागे काँक्रीट भरलेली एक पेटी टांगलेली होती आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात तिचे वजन लिहिलेले होते. तात्या बांधावर बसून वाटाण्याच्या शेंगा निवडत होते.

मित्रांनो, पुढच्या वेळी मंडईत जाल तेव्हा जुन्या तराजूच्या साखळीला बांधलेला तो चिमुकला खडा शोधा. आणि गावी कोणी "मागे उभा राहा रे जरा" असे म्हणाले, तर नम्रपणे पण ठामपणे नकार द्या. पासंग दगडाचा असावा, लोखंडाचा असावा. माणसाचा कधीही नसावा.

विचार करा

१. आपल्या उदाहरणात २०० किलोंऐवजी १५० किलोंची पेटी मागच्या आसाच्या १.२ मीटर मागे टांगली, तर मागच्या आणि पुढच्या चाकांवर किती किती भार येईल? २०० किलोंच्या पेटीपेक्षा पुढचा आस अधिक हलका होईल की कमी?

२. भरलेले बकेट घेऊन जाताना ते जमिनीलगत ठेवावे असे सांगतात. याची निदान दोन कारणे लिहा.

३. भरलेले बकेट घेऊन तीव्र उतार उतरायचा आहे. ट्रॅक्टर तोंड उताराकडे करून न्यावा की मागे मागे न्यावा? आकृती काढून उत्तर द्या.